दगडी पार्किनचं प्रकरण

आपल्या नजरेतून सुटेल असा गुन्हेगार मँचेस्टरमध्ये अजून जन्मायचाय, असं डॉ. पुरुषोत्तम केळुसकर म्हणत. दुसरं कुणी म्हणत नसल्यामुळे त्यांना ते स्वतःच वारंवार म्हणावं लागे. तीस वर्षं हॉस्पिटलात त्यांनी लोकांना भूल दिली आणि निवृत्त होताच डिटेक्टिव्ह झाले. आजवर एकच केस सोडवली होती, हरवलेल्या छत्रीची. ती छत्री दुसऱ्याची निघाली.

त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाईंना मात्र त्या शनिवारी डिटेक्टिव्ह नको होता, पार्किन हवा होता. पार्किन म्हणजे ओटमील, आलं आणि काकवीसारखं काळं ट्रीकल घालून करतात तो यॉर्कशायरचा केक. पाच नोव्हेंबरला, शेकोटी आणि फटाक्यांच्या बॉनफायर नाइटला, सगळी गल्ली शेजारच्या डोरीनकडे जमे आणि दरवर्षी बाईंना एकच निरोप येई, ‘तू आपले समोसे आण.’ वीट आला होता त्यांना समोशांचा. यंदा त्यांनी कुंपणावरून डोरीनलाच रेसिपी विचारली, पार्किन मी आणणार म्हणून ठणकावलं आणि आठवडाभर आधी सरावाला एक करून पाहिला.

केक गार झाला आणि सुरी आत शिरेना.

“घातपात,” डॉक्टर म्हणाले.

“अहो, जास्त भाजला गेला असेल.”

“तुला तसं वाटावं, हाच तर डाव आहे.” त्यांनी एक कोपरा दाढेखाली धरला. दाढ हलली. “डोरीननं एक जिन्नस लपवलाय.”

“ती बिचारी आपला कचऱ्याचा बिनसुद्धा बाहेर काढून ठेवते.”

“तेच म्हणतोय. इतकं चांगलं कोण वागतं?”

दुपारपर्यंत संशय जावयावर गेला. मिलिंद लीड्सला डेंटिस्ट होता. केक कडक, दात मोडणार, पेशंट कुणाला मिळणार?

“मिलिंद गणपतीनंतर इकडे फिरकलेलाही नाही हो.”

“निर्दोष माणसाला अॅलिबाय लागतोच कशाला?”

चहाच्या वेळी मिलिंद सुटला आणि बागेतली खार अडकली. ती खिडकीतून दोनदा आत बघून गेली होती. डॉक्टरांनी केक बिस्किटांच्या डब्यात घातला, सर्जिकल टेपनं घट्ट बंद केला, वर ‘पुरावा’ लिहिलं आणि डबा किचनमधल्या कपाटावर ठेवला. बाई हिरमुसल्या. आपल्याला समोसेच जमतात हे आता गल्लीभर होणार, या धास्तीनं दुसरा केक करायचा धीरच होईना.

पाच तारखेला समोसे तळणीत होते आणि डोरीन मागच्या दारात उभी राहिली. “पार्किन कुठाय?”

बाईंना खोटं बोलता येईना. त्यांनी डबा खाली काढला, डॉक्टर ‘सील, सील’ करेपर्यंत टेप ओढली आणि मान खाली घालून पुढे केला. डोरीननं सुरी लावली. सुरी अलगद तळाला गेली. आत काळाभोर, चिकट, मऊसूत पार्किन होता.

“पुरावा बदललाय,” डॉक्टर कुजबुजले. “खार.”

“आठवडाभर डब्यात मुरवलास ना?” डोरीन बोटं चाटत म्हणाली. “पहिल्या दिवशी नुसती वीट असते. सांगायचं राहिलंच बघ माझ्याकडून. पण हे काय सांगावं लागतं?”

जन्मभर कैरीचं लोणचं घातलेल्या बाईंनी मुरल्याशिवाय एक फोड कुणाच्या पानात पडू दिली नव्हती. त्यांना हसू आवरेना आणि हसता हसता डोळे भरून आले.

“पुढच्या वर्षीपासून पार्किन तूच आणायचा,” डोरीन म्हणाली. “मुरवायला शिकवलं कुणी तुला?”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते खुर्चीवर चढून कपाटावर खारीच्या पावलांचे ठसे शोधत होते.

“ह्यांनी,” त्या म्हणाल्या आणि समोशांखालचा गॅस बंद केला.