चंपतरावांची राणी, ताराची पेटी

कॅरमची राणी हरवल्याचं उघड झालं तो मंगळवार होता. त्याच दिवशी सकाळी देवरावांनी ऑफिसात छाती फुगवून सांगितलं होतं, "दोन तास कॅरम, दोन तास रियाज, अन् घड्याळात दोनच तास! जमवून राहिलो मी!"

युक्ती बिनतोडच होती. देवरावांची बायको तारा गेल्या वर्षी वारली. शेजारच्या यमुताईंकडे ती पेटी शिकायची. एका भजनाचा मुखडा बसला, अंतरा शिकायचा राहिला आणि ती गेली. तो अंतरा तिच्याच पेटीवर वाजवीन, असं देवरावांनी तिच्या फोटोसमोर कबूल केलं होतं. पण यमुताई कडक! "आधी रोज संध्याकाळी नुसता सा धरून बसा. मला भिंतीतून ऐकू येतं. सूर पक्का झाला की अंतरा!"

आणि संध्याकाळी तर जुने मित्र चंपतराव कॅरमला यायचे! घर खायला उठायचं ती हीच वेळ. नको कसं म्हणणार?

म्हणून ठरलं, ज्याची पाळी नाही त्यानं भाता मारायचा! त्याचा दुसरा हात चिवड्याला मोकळा हवा, म्हणून 'सा'च्या पट्टीवर एक सोंगटी ठेवून वर झाकण दाबायचं. यमुताई खूश, कॅरम खूश, चिवडा खलास!

मंगळवारी चंपतरावांनी राणी घेतली आणि ऐटीत पट्टीवर बसवली. कव्हर मात्र हुकलं.

"ठेव राणी परत मधात!" देवराव म्हणाले.

चंपतरावांनी झाकण उघडलं. राणी नाही!

"कव्हर हुकलं तर राणीच गायब केली काय गा?"

"मी काहून करू? माहे खिसे तपास!"

खिसे तपासले, चटई झटकली, चिवड्याचा डबा उपडा केला. आणि मग दोघंही थिजले. झाकण उघडं, पट्टीवर काही नाही, तरी भाता हलला की सा वाजतच होता!

दोघांनी हळूच ताराच्या फोटोकडे पाहिलं.

"वहिनीले आपलं खेळणं आवडलं नाही वाटते गा," असं पुटपुटत चंपतराव उलट्या चपला घालून जे गेले, ते पुन्हा कॅरमला आलेच नाहीत.

देवरावांना काही सुधरेना. भात्याला हात लावला की सा! "तारा, काय चुकलं वं माह्यं?" असं विचारत ते रोज संध्याकाळी एकटेच भाता मारत बसू लागले. थांबायची हिंमतच होईना.

पलीकडे यमुताई गहिवरल्या. "देवराव, सूर लागला! रविवारी वर्गासमोर मुखडा वाजवा. तिथंच अंतरा देते."

रविवारी देवरावांनी ताराची पेटी वर्गात नेली आणि तिच्याकडून ऐकून ऐकून बसलेला मुखडा सुरू केला. खालून सा चालूच, एसटीचा हॉर्न अडकावा तसा!

"सा सोडा आता, देवराव."

"मी धरलाच नाही!"

"मग कोण वाजवतंय?"

"तारा," देवरावांच्या तोंडून निघून गेलं.

 एक मुलगी रडायलाच लागली. यमुताईंनी डोळे पुसले आणि पेटीची वरची फळी काढली. 'सा'च्या पट्टीच्या मागच्या टोकाखाली लाल राणी घट्ट अडकून बसली होती! झाकणाच्या फटीतून घसरून ती थेट आत गेली होती.

"माही राणी!" दारातून आवाज आला. मित्राचं वाजवणं ऐकायला चंपतराव गुपचूप येऊन उभे होते. "देवा, माह्यं कव्हर बाकी आहे गा!"

यमुताईंनी राणीवरची पावडर पाहिली. मग पेटीतून दोन शेंगदाणे काढले.

"इतके दिवस रियाज नेमका कोण करत होतं?"

"पाळीपाळीनं," देवराव म्हणाले.

कॅरम आता चंपतरावांच्या घरी असतो, तोही रियाज झाल्यावर. देवरावांचा सा पहिल्यापासून सुरू झाला आहे, स्वतःच्या बोटानं. अंतरा शिकायचा अजून राहिलाच आहे.