इंजिन न उतरवता

अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं, आणि सोमनाथची सगळी फजिती त्यातूनच झाली. छावणीतल्या सासुरवाडीला त्या दुपारी त्याला धोंड्याचं जेवण होतं. पाय धुतले, टॉवेल-टोपी झाली, तेहतीस अनारशांचं ताट झालं. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी, स्वतःच्या हाताने त्याच्या बोटात अंगठी घातली. एवढा मान मिळाल्यावर माणसाने गुमान आडवं व्हावं. पण पुरणाचे सात धोंडे रिचवून हा गडी अंगणात आला, आणि सासऱ्यांच्या त्या जुन्या, भुंग्यासारख्या फुगीर पाठीच्या परदेशी मोटारीपाशी थांबला.

"गरम होती म्हणून उभीय," आप्पासाहेब म्हणाले. "औरंगपुऱ्याचा राजकुमार मिस्त्री म्हणतो, इंजिन खाली उतरवावं लागंल."

"खुळा का काय तो? न उतरवता करून दाखवतो." सोमनाथने मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले होते. त्याने ऐटीत पुढचं झाकण उघडलं. आत नुसती स्टेपनी.

"इंजिन मागं असतं हिला," आप्पासाहेब अदबीने म्हणाले.

"माहितीय. हवा बघत होतो. पाणी कुठून टाकायचं?"

"पाणी लागत नाय. वाऱ्यावर थंड होती ती. पण तुम्ही म्हणताय तर टाकू की कुठंतरी."

ओट्यावर बसलेल्या बायकोने, दीपमालाने, कपाळावर हात मारून घेतला.

व्हिडिओत पंख्याचा पट्टा बदलायला दहा मिनिटं लागली होती. इथे पाऊण तासात पट्टा तर निघाला नाहीच, उलट एक नट सुटून पत्र्याच्या फटीतून इंजिनाच्या पोटात गेला. तो काढायला सोमनाथने हात घातला. हात तेलाने माखलेला, अंगठी सैल. आत काहीतरी किणकिणलं आणि बोट मोकळं झालं.

"अन् अंगठी?" दीपमालाचं लक्ष त्याच्या बोटावरच होतं.

सोमनाथला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दोन तासही बोटात टिकली नव्हती.

"राहू द्या, जावईबापू," सासूबाई सरूबाई म्हणाल्या. "कुठं जाती? गाडीतच हाय." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने दोरीला लोहचुंबक बांधलं. दीपमाला म्हणाली, "नट येईल त्यानं. सोनं कधी चुंबकाला चिकटलंय का? मुकाट्यानं राजकुमारला बोलवा." आणि आईला घेऊन ती आत गेली.

"मी म्हणतो, नकाच टाकू चुंबक," आप्पासाहेब घाईने म्हणाले. दुपारपासून पहिल्यांदाच त्यांनी जावयाला नाही म्हटलं होतं. पण सोमनाथ इरेला पेटला होता. त्याने दोरी आत सोडली, हलवली आणि वर ओढली.

चुंबकाला नट चिकटला होता. आणि नटाशेजारी अंगठी.

सोमनाथने ती जरा ओढून सोडली, तर टकन पुन्हा चिकटली. आप्पासाहेब पायरीवर बसले.

"सोनं लई चढलं हो," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "सरूला ठाव नाय. पोरीला बी नाय."

सोमनाथची मान सासऱ्यांपेक्षा खाली गेली. अधिक महिना तीन वर्षांतून एकदाच येतो, मित्राला त्याच्या सासऱ्यांनी एक तोळ्याची अंगठी घातली, हे आप्पासाहेबांना फोनवर तीनदा त्यानेच ऐकवलं होतं. तीनदा! आता त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"घावली का वं?" आतून सरूबाईंचा आवाज आला.

सोमनाथने अंगठी चुंबकावरून उपटली आणि खिशात कोंबली. "नाही, आई. नट तेवढा निघाला. इंजिन उतरवावंच लागेल."

राजकुमार आला. त्याने चार बोल्ट सोडले आणि तासाभरात इंजिन जमिनीवर ठेवलं. निम्मी गल्ली गोळा झाली होती.

"न उतरवता करतो म्हणणारा हुशार माणूस कोन, भाई?" त्याने विचारलं.

"मीच," सोमनाथ म्हणाला. सगळे पोट धरून हसले. तेवढ्यात त्याने मूठ पत्र्याखाली घातली आणि अंगठी 'शोधून' काढली. आप्पासाहेब कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते.

हात धुवायला तो मोरीवर गेला. सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मागे कुणी नाही ना ते बघितलं, आणि हळूच म्हणाल्या, "हात धुताना अंगठी काढत जा, जावईबापू. साबणानं रंग जाईल तिचा. अन् ह्यांना काय बोलू नका. त्यांना वाटतं, मला ठाव नाय."