कंत्राटी स्थानिक

सव्हाना शहरात नॉर्बर्ट विश्नेव्स्की राहायला आले त्याला बत्तीस वर्षं झाली, आणि गल्लीत त्यांची ओळख अजूनही "हे नवीन आलेत" अशीच करून दिली जाते. यात कुणाचा दुष्टावा नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या या जुन्या गावात माणूस आला म्हणजे आलेला. नंतर तो कितीही राहिला तरी आलेलाच राहतो. नॉर्बर्ट ओहायोतल्या टोलेडोहून आले, काचेच्या कारखान्यातली नोकरी सोडून, कारण बायकोच्या संधिवाताला उबदार हवा हवी होती. बायको पुढे वारली. तिला इथल्याच मातीत ठेवलं आणि त्या दिवसापासून ती "आपली बिचारी डोरीन" झाली. गावाने आपलं म्हणावं यासाठी तो एक खात्रीचा मार्ग आहे, पण नॉर्बर्टना तेवढी घाई नव्हती.

बाकी शिकण्यासारखं सगळं ते शिकले होते. सकाळी मक्याच्या कण्या लोणी घालून खायच्या. डोळ्यांपुढे चिलटं आली की हात न हलवता ओठांच्या कोपऱ्यातून फुंकर मारून उडवायची. ओसरीचं छत फिकट निळं रंगवायचं, कारण भुतांना ते पाणी वाटतं आणि ती ओलांडून आत येत नाहीत. नॉर्बर्टचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता, पण छत मात्र दर उन्हाळ्यात रंगवत. संध्याकाळी बर्फ घातलेला गोड चहा घेऊन झोपाळ्यावर बसत आणि रस्त्याने जाईल त्याला हात करत. डोरीन गेली त्या उन्हाळ्यात शेवटचे काही दिवस ती याच झोपाळ्यावर उशीला टेकून पडून असायची.

शेजारच्या ओसरीवर मिस वर्डेल मॅक्सवेल बसत. वय ऐंशीच्या पुढे, शाळेत मास्तरीण होत्या, आणि घराणं इथे सात पिढ्यांचं. गावातली निम्मी चर्चं ज्या विटांची आहेत त्या त्यांच्या खापरपणज्याने रचल्या, मजुरी न घेता. म्हणजे तो गुलाम होता, त्याला ती कुणी विचारलीच नव्हती. कठड्यावरून दोघांच्या गप्पा चालत. एकदा नॉर्बर्ट बोलता बोलता "आम्ही सव्हानाचे लोक" असं म्हणून गेले, तेव्हा मिस वर्डेल हसून म्हणाल्या, "बाळा, मांजर भट्टीत व्यायली म्हणून पिल्लांना कुणी पाव म्हणत नाही." नॉर्बर्टनाही हसू आलं. इथली म्हण आपल्याला लागू पडली, हेच त्यांना पुष्कळ वाटलं.

अडचण आली ती पर्यटकांकडून. गल्लीतली घरं एकेक करून विकली गेली होती, दारांना रात्रभाड्याच्या पाहुण्यांसाठी आकड्यांची कुलुपं लागली होती, आणि शुक्रवार आला की विटांच्या फरसबंदीवर चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू होई. येणारे गावाबद्दल भरभरून लिहीत. ओक सुंदर, त्यांच्यावरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या जटा सुंदर, रात्रीच्या सहलीतली भुतंही वेळेवर हजर. तक्रार एकच होती, की गावात माणूस कुठे दिसला नाही. पैसे मोजून इतक्या लांब यायचं आणि स्थानिक जीवनाचं दर्शनसुद्धा नाही, हे काही बरोबर नाही.

या तक्रारींची गंभीर दखल सजीव वारसा मंडळाने घेतली. मंडळाच्या अध्यक्षा मिसेस मार्जरी पेटिग्रू स्वतः जुन्या घराण्यातल्या; घर विकून त्या गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेल्या होत्या आणि तिथून वारशाची काळजी वाहत. मंडळाने ठराव केला: सहलीच्या गाडीच्या मार्गावरील प्रत्येक गल्लीत, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत, किमान एक व्यक्ती ओसरीवर बसून स्थानिक जीवन जगताना आढळली पाहिजे. त्याप्रमाणे पाहणी झाली. नॉर्बर्टच्या गल्लीत जिवंत माणसं एकूण दोन निघाली.

पहिला मान अर्थात मिस वर्डेलचा. त्यांनी नकार दिला. आमच्या घराण्याकडे या गावाने पुष्कळ बघून घेतलंय, म्हणाल्या, तेही बहुतेक वेळा किंमत ठरवायला. आता मला पडदे लावून बसायला आवडतं. मिसेस पेटिग्रूंना हे नीटसं कळलं नाही. त्यांनी पडद्याच्या कापडाची तोंड भरून स्तुती केली आणि त्या निघाल्या.

राहिले नॉर्बर्ट. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही, कारण त्यांनी अर्ज आधीच केला होता. बारीक निळ्या रेघांचा सुती कोट शिवून घेतला, हात करण्याचा सराव आरशापुढे केला. मुलाखत चर्चच्या सभागृहात झाली. पुढ्यात चीज-मिरचीची सँडविचं होती आणि पंखे फिरत होते. इथे कुठेही गेलं तरी जो प्रश्न आधी विचारतात तोच मिसेस पेटिग्रूंनी विचारला.

"तुमची माणसं कोण?"

"माझी माणसं टोलेडोला असतात," नॉर्बर्ट म्हणाले.

"अगं बाई, किती छान! आमच्या मावशीचं विमान एकदा तिथे उतरलं होतं. वादळ होतं म्हणून."

मग सगळ्यांनी त्यांच्या कोटाची तारीफ केली, त्यांच्या उत्साहाची केली, जाताना हातात दोन सँडविचं बांधून दिली. नॉर्बर्ट तरंगतच घरी आले. बत्तीस वर्षांत सगळं शिकले, पण एक गोष्ट शिकायची राहिली होती. या गावात नकार हा स्तुतीने सुरू होतो, आणि स्तुती जितकी लांबते तितका नकार पक्का असतो.

निर्णय आठवड्याने कळवण्यात आला. अर्जदारासारखा उत्साही रहिवासी लाभणे हे गल्लीचे भाग्य आहे. तथापि स्थानिक म्हणजे ज्याच्या किमान तीन पिढ्या येथे जन्मल्या तो, आणि त्या व्याख्येनुसार अर्जदार हे दीर्घ मुदतीचे पाहुणे ठरतात. त्यांची ओसरी मात्र सर्व दृष्टींनी पात्र आहे, कारण सहलीची गाडी नेमकी तिच्यासमोर, ओकच्या सावलीत थांबते. सबब ओसरी मंजूर करण्यात येत आहे. वारशाच्या दर्शनी भागांवर मंडळाचा अधिकार चालतो, तेव्हा मालकांनी सहकार्य करावे, आणि योग्य व्यक्तीची सोय मंडळ करील.

योग्य व्यक्ती सोमवारी दहाला हजर झाली. ब्रूस हार्ट्झलर, वय पंचावन्न, पेशाने नट, आजोबांच्या भूमिका करणारा. गृहस्थ स्वभावाने चांगला होता. बोलण्यात इथला सूर असा घोळवी की गावातल्या कुणालाही इतका जमत नसे. चहा देताना नॉर्बर्टनी सहज विचारलं, तेव्हा कळलं की तो क्लीव्हलंडचा. नॉर्बर्ट तडक मिसेस पेटिग्रूंकडे गेले.

"तोही ओहायोचाच आहे," नॉर्बर्ट म्हणाले.

"हो ना. पण तो स्थानिक आहे असं आम्ही कुठे म्हणतोय? तो स्थानिकाच्या पदावर आहे, कंत्राटी. जन्माची अट रहिवाशांना, नोकरांना नाही."

"मग मला नोकर म्हणून घ्या."

"तुम्ही? तुम्ही तर इथे राहता!" मिसेस पेटिग्रू म्हणाल्या, आणि एवढी साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे बघावं तशा मायेने बघत पुढे म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो हो."

इथे हे वाक्य ऐकल्यावर बोलणं संपतं.

तेव्हापासून दहा ते चार नॉर्बर्टना घराच्या पुढच्या बाजूला दिसण्याची मनाई झाली, कारण एका ओसरीवर दोन माणसं दिसली की पर्यटकांचा गोंधळ उडतो. त्यांनी मागच्या बोळातून ये-जा करावी, असं सुचवण्यात आलं. ते बोळात कचऱ्याच्या डब्यांपाशी खुर्ची टाकून बसू लागले. पुढून झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू येई आणि त्यांचा जीव तुटे. ब्रूस हात करायचा तो खिडकीची काच पुसल्यासारखा; नॉर्बर्टना राहवेना, त्यांनी त्याला मनगटातून हात करायला शिकवलं. चिलटांवर फुंकर मारायलाही शिकवलं. पुढच्याच महिन्यात ब्रूसच्या अस्सलपणाबद्दल पर्यटकांचे कौतुकाचे शेरे आले. खरं तर नॉर्बर्टना मानबिन काही नको होता. त्यांना आपला झोपाळा हवा होता, ज्याच्या एका बाजूला अजून डोरीनची उशी होती, आणि तिच्यावर आता क्लीव्हलंडचा नट कोपर टेकून बसत होता.

मिस वर्डेल कचरा टाकायला बोळात आल्या तेव्हा त्यांनी नॉर्बर्टना डब्यांपाशी बसलेलं पाहिलं.  मंडळाच्या नियमांत एक पोटकलम होतं, की तीन पिढ्यांच्या मूळ रहिवाशाने सभेत उभं राहून "हा आमचा माणूस" असं सांगितलं, तर ती व्यक्ती त्या घराण्यातली धरावी. तीन पिढ्यांचं आणि अजून गल्लीत राहणारं माणूस एकच उरलं होतं. पुढच्या सभेला मिस वर्डेल चर्चची जांभळी टोपी घालून आल्या. नॉर्बर्टनी त्यांना विचारलंही नव्हतं. विचारायची त्यांची छातीच झाली नसती.

"मिस वर्डेल," मिसेस पेटिग्रूंनी विचारलं, "या गृहस्थांची माणसं कोण?"

"मी. त्याची माणसं मी," मिस वर्डेल म्हणाल्या. "डोरीनच्या शेवटच्या रात्री आम्ही दोघांनी आळीपाळीने जागून काढल्या. वादळात माझं छप्पर उडालं, तेव्हा माझे पुतणे फोन करत होते आणि हा शिडीवर होता. तो पाव नाही, हे मीच त्याला सांगितलंय. पण भट्टी माझी आहे, आणि ती कुणाची हे तुम्ही मला सांगायचं नाही."

सभेत रुमाल निघाले. हे इतकं सुंदर आहे की माहितीपत्रकात छापलंच पाहिजे, असं मिसेस पेटिग्रू म्हणाल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. ब्रूसला निरोप देण्यात आला. त्याचं काही बिघडलं नाही, तो लगेच दुसऱ्या एका गल्लीत स्थानिक झाला. त्या संध्याकाळी नॉर्बर्ट झोपाळ्यावर बसून पोरासारखे रडले, आणि मिस वर्डेलनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

आता गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण मंडळ कामसू होतं. खरा स्थानिक मिळाल्यामुळे गल्लीला "जिवंत गल्ली" असा दर्जा मिळाला आणि कोपऱ्यावर पितळी पाटी लागली. पाटीमुळे घरांचे भाव चढले, भावांमुळे घरपट्टी चढली. प्रमाणित स्थानिकांना घरपट्टीत सूट होती, म्हणून नॉर्बर्टना झळ लागली नाही. मिस वर्डेलनी ओसरीवर बसायला नकार दिलेला असल्यामुळे त्या मूळच्या असूनही प्रमाणित नव्हत्या. एक हिवाळा त्यांनी कसाबसा रेटला आणि मग घर विकलं. भाची ओहायोत असते, कोलंबसला, तिच्याकडे जायचं ठरलं.

"हे माझ्यामुळे झालं," नॉर्बर्ट कठड्यापाशी उभे राहून म्हणाले.

"थोडंसं," मिस वर्डेल म्हणाल्या, कारण त्या भिडेखातर खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. मग त्यांनी नॉर्बर्टचा हात हातात घेतला. "आता मी तुझ्या मुलखात नवी. तिथे कुणी विचारलंच, तर सांगीन की माझा माणूस सव्हानाला असतो."

त्यांच्या दाराला आकड्यांचं कुलूप लागलं. घराचं नाव "मिस वर्डेलची ओसरी" असं ठेवण्यात आलं आणि जाहिरातीत लिहिलं गेलं, की येथे स्थानिकांसारखे राहा, शेजारी खरा स्थानिक उपलब्ध. नॉर्बर्ट येईल त्या पाहुण्याला हात करत. पाहुणे फोटो काढत आणि आत जात. कठड्यापर्यंत कुणी आलं नाही.

आलं ते एकच कुटुंब, वसंतात, अझेलिया फुलल्या होत्या तेव्हा. न्यू जर्सीत वीस-बावीस वर्षं राहणारी मराठी मंडळी: नवरा, बायको आणि हिंडण्याची हौस असलेली आजी. नॉर्बर्टनी उकडलेल्या शेंगा नेऊन दिल्या. शेंगा पाहून आजींचा चेहराच उजळला. त्यांनी डब्यातून चकल्या काढून दिल्या. मुक्कामाच्या तिन्ही संध्याकाळी कठड्यावरून गप्पा रंगल्या. इतकी वर्षं झाली, घर घेतलं, कर भरतो, तरी दुकानातला माणूस अजून विचारतो की तुम्ही खरे कुठले, असं नवरा म्हणाला. आणि ते मनाला किती लागतं, असं बायको म्हणाली. नॉर्बर्टनी मग आपली सगळी हकीगत सांगितली, टोलेडोपासून पोटकलमापर्यंत. सगळे हसले, आजींनी डोळे पुसले. इतक्या मोकळेपणी नॉर्बर्ट मिस वर्डेल गेल्यापासून कुणाशी बोलले नव्हते.

घरी पोचल्यावर मंडळींनी शेरा लिहिला, मराठीत. घर स्वच्छ, जागा मध्यवर्ती. शेजारचे आजोबा फार प्रेमळ आणि शेंगा तर अप्रतिम. फक्त ते मूळचे तिथले नाहीत, ओहायोचे आहेत. अस्सल स्थानिक अनुभव हवा असलेल्यांनी याची नोंद घ्यावी. एक तारा कमी.

मंडळाने भाषांतर करून घेतलं आणि तातडीने नोंद घेतली. सोमवारी दहा वाजता ब्रूस झोपाळ्यावर होता. नॉर्बर्टना तांत्रिक कारण एवढंच कळवण्यात आलं, सोबत त्यांच्या कोटाची स्तुती होती.

शेऱ्याखाली नाव नाही, आणि ते शोधत बसण्याची मला गरज वाटत नाही. ज्यांचं आहे ते हे वाचतच असतील. पुन्हा तिकडे गेलात तर मागच्या बोळातून जा. आजोबा दिवसभर तिथे असतात. त्यांना मराठी येत नाही, आणि तुम्ही काय लिहिलंत ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, ती शेंगा आवडणारी आपली माणसं परत कधी येणार म्हणून.