गाडीला कढीचा वास

महिनाभर मी घसा फोडून सांगत होते, की आपल्या गाडीतून कढीचा वास यायलाय. एकानंही विश्वास ठेवला नाही. गाडीला पेट्रोलचा वास येतो, जळक्या रबराचा येतो, आत बसलेला माणूस घामट असला तर त्याचाही येतो. पण कढीचा? तीही उतू जाऊन शेगडीवर जळलेल्या कढीचा? लेक महेश्वरी म्हणाली, "आई, तुझ्या पदरालाच आसंल." शेजारीण म्हणाली, ह्या वयात बायकांना असे भास होतात. आणि आमचे हे म्हणाले, "भूक लागली आसंल तुला."

मी चौथी शिकले. पण वास घ्यायला कुठं दाखला लागतो?

आमचे हे म्हणजे पेडगावातले किराणा दुकानदार. शांत माणूस. (एवढा शांत, की गिऱ्हाईक उधार नेतं तेव्हाही शांत.) लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बायकोचं नाव तोंडातून काढत नाहीत. जुनी रीत. जवळ असले तर 'अगं', लांब असले तर 'महेश्वरीची माय'. एकदा रेशनच्या ऑफिसात साहेबानं बायकोचं नाव विचारलं, तर हे नुसतं माझ्याकडं बोट दाखवून उभे. साहेबाला वाटलं, मुके आहेत.

गाडी आमची जुनी, पांढरी, एका रिटायर मास्तरांकडून घेतलेली. ती उभी करायला म्हणून मी अंगणातली कन्हेर काढून टाकली आणि सगळ्या अंगणाला पांढरी फरशी बसवली. त्या फरशीवर माझा लय जीव.

आता महेश्वरी बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ दीड महिन्याचं झालं, आणि गुरुवारी माय-लेकराला गंगाखेडला सासरी पोहोचवायचं ठरलं. त्याआधीच्या रविवारी मी म्हणाले, गाडी एकदा पळवून बघू, पोखर्णीला नरसिंहाच्या पाया पडून येऊ. देवळाच्या अलीकडंच गाडीनं टोपणाच्या, म्हणजे बॉनेटच्या, फटीतून वाफ सोडली. तापमानाचा काटा पार लालमध्ये. आणि वास? कढी! हे उतरून थेट रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी हातावर फटका मारला.

"कुकर शिट्टी मारायलाय तवा झाकण उघडतात का? थोबाड भाजंल!"

तासभर लिंबाच्या सावलीत बसलो, पाणी घातलं आणि रखडत घरी आलो. घरात पाय ठेवते तर गंगाखेडहून विहीणबाईंचा फोन.

"गाडी तापायलीय म्हणं तुमची? आमी आमची पाठवतो की. एसी हाय. लेकराला गार राहील."

त्यांना कोणी सांगितलं? ह्यांनी. वाटेतूनच.

आता तुम्हीच सांगा. पहिलं बाळंतपण माहेरचं, पाठवणी माहेरची, आणि गाडी सासरची? मग आयुष्यभर ऐकायचं, की नातू आमच्याच गाडीतून आणावा लागला. मी म्हणाले, "विहीणबाई, आमची गाडी टकाटक हाय. गुरुवारी अकराला दारात उभी दिसंल." आणि फोन ठेवून महेश्वरीला हाक मारली.

महेश्वरीनं मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता, की रेडिएटरमध्ये गाळ बसला की गाडी तापते. सगळं पाणी काढा, चांगलं पाणी भरा, इंजिन चालू करा, परत काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच. मग गाडी गार ठेवणारं कूलंट भरा. मला हसू आलं. हे तर मी दर उन्हाळ्यात कूलरचं करते, हंड्याचं करते. यात कसलं इंजिनिअरिंग?

"गॅरेजला नेऊ," हे म्हणाले.

"गॅरेजवाला चार दिवस ठेवून घेतो. तुमी दुकानात जा."

मंगळवारी सकाळी गाडी गार असताना मी पदर खोचला. व्हिडिओतल्या माणसानं हातमोजे घातले होते, मी दुधाच्या पिशव्या घातल्या. खाली घमेलं सरकवलं आणि रेडिएटरच्या बुडाची तोटी फिरवली. तोटी हलेना. पकडीनं फिरवली. हलेना. मग सासरच्या माणसाला घालावी तशी मी तिला मनात शिवी घातली, आणि ती एकदम निघाली. निघाली म्हणजे हातात आली. आतलं पाणी घमेल्यात, घमेल्याबाहेर, माझ्या साडीवर आणि माझ्या पांढऱ्या फरशीवर.

पाणी कसलं! तांबूस, दाट, आणि त्यात पांढरे पांढरे गोळे तरंगायलेले.

महेश्वरीनं लगेच धम्मदीपला व्हिडिओ कॉल लावला. धम्मदीप म्हणजे परभणीतला मेकॅनिक, नातवाच्या बारशाच्या जेवणाला दोनदा वाढून घेणारा. त्यानं मोबाइलमध्ये डोळे बारीक केले आणि चेहरा पाडला.

"काकू, हात काढा. पांढरं आलं म्हंजे हेडचं गॅस्केट गेलं. ऑइल अन पाणी एक झालंय. इंजिन खोलावं लागंल."

"किती दिवस?"

"चार तरी."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. माझ्या डोळ्यापुढं विहीणबाईंची एसी गाडी हॉर्न वाजवत अंगणात शिरली.

हे तोवर दुकान सोडून आलेच होते. (असल्या बातम्या पेडगावात माणसापेक्षा लवकर पोहोचतात.) "म्हनलं नव्हतं मी? इंजिनला हात लावायला काय ते पीठ हाय? केलंस ना वाटोळं!"

एकतीस वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. मी एकटी गुन्हेगार, दुधाच्या पिशव्या घालून उभी.

पण मला काहीतरी खटकत होतं. व्हिडिओवाल्यानं सांगितलं होतं, की पाणी ऑइलमध्ये गेलं तर ऑइलही ताकासारखं पांढरं होतं. मी ऑइल मोजायची काडी बाहेर ओढली. पुसायला जवळ ह्यांचा धुतलेला पंचा होता, तो घेतला. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल दोन खुणांच्या मधोमध, काळंकुट्ट, काकवीसारखं. पांढऱ्याचा ठिपका नाही.

"धम्मदीप, ऑइल काळं हाय!"

"मग पांढरं कुठून आलं, काकू?"

मी घमेल्यावर वाकले आणि नाक लावलं. (चाखूनच बघणार होते, महेश्वरीनं हात धरला.) सरळ उठले.

"दही हाय हे."

"आई, गाडीत दही कसं येईल?"

"मला विचारू नको. दही हाय, दूध हाय, अन खाली जे राखेसारखं बसलंय ना, ती विभूती हाय!"

विभूती म्हटल्याबरोबर सगळ्यांची तोंडं एका माणसाकडं वळली. आमच्या घरात कपाळाला तीन बोटं विभूती ओढणारा एकच.

फोन ठेवून निघालेला धम्मदीप अर्ध्या तासात मोटरसायकलवर येऊन पोहोचला. घमेल्याचा वास घेतला आणि म्हणाला, "काका, हा तर मठ्ठा हाय."

"मठ्ठा न्हाई," हे चिडून म्हणाले. "तीर्थ हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर सोमवारी हे लिंगाला दूध-दह्याचा अभिषेक करतात. ते तीर्थ पायदळी जाऊ द्यायचं नसतं. पूर्वी कन्हेरीच्या बुडात ओतायचे. कन्हेर गेली, अंगणभर फरशी झाली. मग दर सोमवारी तांब्याभर तीर्थ रेडिएटरमध्ये! तिथं कोणाचा पाय लागत नाही, आणि गाडीलाही देवाचा आशीर्वाद.

"अहो, पण ही अक्कल दिली कोणी तुमाला?"

"तूच."

"मी?"

"फरशी केली त्या सोमवारी. मी तीर्थाचा तांब्या घेऊन उभा, अन तू वरडलीस, 'माझ्या फरशीवर एक थेंब सांडला तर बघा! डाग पडतो! त्या गाडीत ओता न्हाई तर!' म्हनून ओतलं."

मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. रागात बोलले होते. अख्ख्या जन्मात माझं कोणी काही खरं मानलं नाही, कढीचा वाससुद्धा नाही, आणि ह्यांनी माझा एकच शब्द मानायला निवडला, तो हा.

धम्मदीप फरशीवर बसून हसत होता. त्या फरशीवर तोवर तांबूस-पांढरा डाग पडला होता, तो आजही आहे. तीर्थच सांडलं शेवटी, आणि तेही घमेलंभर.

मग तोटी बदलली. विकतच्या जारचं पाणी आणून धम्मदीप आणि मी मिळून नऊ वेळा रेडिएटर धुतलं. नवव्यांदा पाणी काचेसारखं आलं, तेव्हा कूलंट भरलं. ऑइल दोन वर्षांत बदललेलं नव्हतं, तेही बदलून घेतलं. ह्यांना सांगितलं, आता तीर्थ कुंडीत. कुंडी मीच आणली, कन्हेरीची.

गुरुवारी गंगाखेडच्या रस्त्यानं मी नातवाकडं एकदाही बघितलं नाही, सगळा रस्ता काट्याकडं बघितलं. काटा मधोमध, हलला नाही. अकराला दहा कमी असताना विहीणबाईंच्या दारात गाडी उभी. त्यांनी भाकर-तुकडा ओवाळला आणि तापलंय का म्हणून हळूच टोपणाला हात लावून बघितला. मी बघितलं त्यांना हात लावताना. छाती फुगली माझी.

जेवायला बसलो. पंगतीत व्याही, जावई, दोन-चार पाहुणे. विहीणबाईंनी पुरणपोळी वाढता वाढता विषय काढलाच. "बिघाड काय होता म्हणं गाडीला?"

"काही न्हाई," मी म्हणाले. "कुणीतरी भलतंच पाणी घातलं होतं आत."

"आगंबाई! कुणी?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. म्हटलं, बघू, मर्दासारखं कबूल करतात का. ह्यांनी घास गिळला. तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायले. मग भरल्या पंगतीत, स्पष्ट आवाजात, एकतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोचं नाव घेतलं:

"गंगम्मा."