अळंब्यांचे दंतवैद्य

कलकत्त्यातली सगळ्यात देखणी अळंबी मी एकदा स्टीलच्या डब्यात कोंबली. तेव्हा मी अवघी बावन्न वर्षांची होते. अक्कल यायची होती.

अळंबी होती दामले डॉक्टरांची. म्हणजे उगवली होती हावड्याकडच्या जुन्या बागेत, बांबूच्या बेटात. पण तिथली प्रत्येक अळंबी डॉक्टर आपली पेशंटच समजत. जन्म कलकत्त्याचा, पेशा दातांचा. दवाखाना बंद केला, तरी दात तपासायचा दांडीचा आरसा खिशात असायचाच. इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात पालथे पडायचे, आरसा अळंबीच्या छत्रीखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "आ करा बघू!" आरशात पोटाकडच्या चुण्या दिसल्या की झालं, तोडायचं काम नाही. बरोबर फिरणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना एकच हुकूम, "हात मागे!"

ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही डमडमला आलो होतो. मी कोकणातली, मला अळंब्या कोण शिकवणार, असा माझा तोरा. आज नातीशेजारी मीच चिखलात पालथी पडते आणि ती मैत्रिणींना सांगते, "माझी आजी न तोडता ओळखते." तेव्हा मान अशी ताठ होते म्हणून सांगू! हे सगळं डॉक्टरांचं देणं.

तर त्या शनिवारी त्यांना बांबूखाली पांढरं अंडं दिसलं. "उद्या सकाळी फुटेल. जाळीचा झगा घालून अळंबी बाहेर येईल. दुपारपर्यंत खलास."

रविवारी पहिल्या बसने मी तिथे हजर. झगा जमिनीला टेकलेला, काय रूप! शाबासकीच्या हावेने उपटली आणि तडक त्यांच्या घरी निघाले. तिच्या उग्र वासाने टोटोवाल्याने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षावाल्याने, दोनदा मागे वळून पाहिलं.

दारातच सुमनताई, डॉक्टरांची बायको. चाकांच्या खुर्चीत, कोरी साडी नेसून. पक्षाघातानंतर पहिल्यांदाच बाहेर निघालेल्या.

"तीस वर्षं हे जाळीवाली, जाळीवाली करतायत," त्या हसल्या. "आज बघतेच, खरी की थाप!"

डॉक्टरांनी माझ्या हातातला डबा उघडला. आत चिकट लगदा. त्यांनी झाकण लावलं.

"काय हो ते?"

"भाजी आणलीय यांनी."

"नासलीय गं!" सुमनताईंनी नाकाला पदर लावला.

मला रडू फुटलं. डॉक्टर मला जिन्यात घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "टॅक्सी उभी आहे. चला तुम्हीही. जागा तरी दाखवू तिला. त्या उतारावर खुर्ची मला एकट्याला धरवत नाही."