झोपेचे सर, तिसरा मजला

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत कांबळे सर तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि पहिल्या मजल्यावरच्या आर्याला व्हिडिओ कॉलवरून झोपेची सवय लावतात. मधे फक्त दोन जिने, पण सर खाली उतरत नाहीत. "मी आलो तर पोरगी माझ्या धाकाने झोपेल. मी काय रोज येणार आहे?"

सर रात्रशाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी मुलांच्या झोपेचा कुठलासा ऑनलाइन कोर्स केला, आणि आता सोलापूरपासून सिंगापूरपर्यंतचे आईबाप त्यांचं ऐकतात. चाळीत मात्र त्यांचा आवाज आधी जिन्यातून येतो आणि मग फोनमधून. "मुलांना झोपवू नका, झोपू द्या," हे त्यांचं पालुपद. ते त्यांनी दूधवाल्यालाही ऐकवलंय.

आर्या तिसरीत. आईचा हात हातात असल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे. बाप घरात असे, पण तो तिच्याआधीच घोरू लागे. आणि तिच्या आईला, वैशालीला, एक तारखेपासून हॉस्पिटलात रात्रपाळी लागणार होती. नोकरी नवी, नाही म्हणायची सोय नव्हती.

सरांनी उपाय सांगितला. आईने पलंगाजवळ खुर्ची टाकून बसायचं, हात द्यायचा नाही, आणि रोज खुर्ची दोन हात मागे न्यायची. उपाय पुस्तकातला होता आणि पुस्तक लिहिणाऱ्याने आमच्या दहा बाय बाराच्या खोल्या पाहिलेल्या नव्हत्या. चौथ्या दिवशी खुर्ची मोरीला टेकली, पाचव्या दिवशी गॅलरीत आली आणि सातव्या दिवशी नेमकी माझ्या दारात. मी शेजारी आहे म्हणून काय झालं, दार माझंच आहे. तणतणत वर गेलो. सर शांतपणे म्हणाले की केसबद्दल मी समोरासमोर बोलत नाही, फोन करा. खाली येऊन फोन केला, तर म्हणाले, आठवडाभर जरा अंग चोरून ये-जा करा.

एक तारखेला वैशाली ड्युटीवर गेली. सकाळी परतली तेव्हा आर्या शाळेत गेली होती. नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, दहा मिनिटांत झोपली. मी पेढ्यांची वाट बघत गॅलरीत उभा होतो. वैशाली त्या खुर्चीत बसली आणि तिने सरांना फोन लावला.

"सर, झोपली ती," असं म्हणून ती रडायलाच लागली. "माझं नावसुद्धा काढलं नाही हो तिने."

सरांनी फोन ठेवला. मग जिन्यात चपला वाजल्या. सर खाली आले आणि माझ्या उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं कुणाकडे बसलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली.

"रात्रशाळा सुटून घरी यायला मला साडेदहा व्हायचे," ते म्हणाले. "मुलगी जागी असायची. बायको ओरडायची, तिला लवकर झोपायची सवय लावा. मी लावली नाही. उलट जिना चढताना मुद्दाम खोकायचो. झोपली असेल तर उठावी म्हणून."

वैशालीने डोळे पुसले.

"ती आठवीत होती तेव्हाची गोष्ट. एकदा दारात उभा राहून चांगला दहा वेळा खोकलो, पण ती काही उठली नाही. त्या रात्री मी घरात गेलोच नाही, पोरी. जिन्यातच बसून राहिलो."