दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधली परीक्षा

माणसाने किती वेळा चुकावं याला समाजात काही धरबंधच उरलेला नाही. घरोघरी माणसं मनाला येईल तितक्या वेळा चुकतात, पुन्हा करून बघतात, पुन्हा चुकतात, आणि कोणी साधी नोंदसुद्धा ठेवत नाही. ही बेशिस्त फक्त एका संस्थेला खुपली. गावातल्या सामुदायिक महाविद्यालयाने बावीस पानांचं धोरण छापून आकडा कायमचा ठरवून टाकला : तीन.

(सामुदायिक महाविद्यालय म्हणजे जिथे दिवसभर काम केलेली माणसं संध्याकाळी शिकायला येतात ते. बाकीच्या महाविद्यालयांत दिवसभर काही न केलेली माणसं दिवसाच येतात.)

धोरणातले दोन नियम तर चौकटीत लावून घरात टांगावेत असे आहेत. नियम ७ : कोणताही अभ्यासक्रम जास्तीत जास्त तीनदा करता येईल आणि तिन्ही वेळच्या गुणांची सरासरी धरण्यात येईल. नियम ११ : अंतिम परीक्षेस वेळापत्रकातील वेळी, वेळापत्रकातील खोलीत जो नसेल तो अनुपस्थित, आणि अनुपस्थित तो अनुत्तीर्ण, मग त्यास विषय येत असो वा नसो. शेवटच्या तुकड्यासाठी समितीच्या तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन बैठकांत 'विषय' म्हणजे काय यावरच एकमत होईना.

आत्याचा आणि या धोरणाचा संबंध आला तो नोकरीमुळे. आत्या लिफ्ट-दुरुस्तीच्या कंपनीत एकोणीस वर्षं होती. भाचा एकदा डबा द्यायला येऊन तिला 'आत्या' म्हणाला आणि तेव्हापासून मालकासकट सगळे तिला आत्याच म्हणत. गावातल्या एकशे बारा लिफ्ट ती आवाजावरून ओळखायची. कुठली कुरकुरते, कुठली धक्का देते, कुठली नुसतीच नाटकं करते, सगळं तोंडपाठ. पण तिच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. एकोणीस वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण लिफ्ट चालू होत्या.

मग मालकाच्या मुलीचं लग्न झालं, कंपनीत जावईबुवा आले, आणि लगोलग सूचनाफलकावर कागद लागला : यापुढे प्रमाणपत्रधारकाशिवाय कोणीही यंत्रखोलीचे दार उघडू नये. (अभ्यासक्रम चालू असलेल्यांना तो संपेपर्यंत सवलत.) मुख्य तंत्रज्ञाची जागा वर्षअखेरीस भरण्यात येईल. जावईबुवांनी लिफ्टचा अभ्यास नुसतं आत उभं राहून केलेला होता, पण नियम सगळ्यांना सारखा, म्हणून दोघांनी एकदमच महाविद्यालयाच्या लिफ्ट-देखभालीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

पहिल्या परीक्षेत प्रश्न आला : लिफ्ट मध्येच अडकल्यास प्रथम काय करावे? आत्याने लिहिलं, 'आत कोण आहे, किती जण आहेत ते विचारावं आणि त्यांच्याशी बोलत राहावं. माणूस घाबरला की दार बडवतो.' पुस्तकातलं उत्तर चार शब्दांचं होतं : संबंधित तंत्रज्ञास ताबडतोब कळवावे. आत्याने असे अख्ख्या पेपरभर दिवे लावले आणि तिला शंभरात एकवीस मिळाले. जावईबुवांना चौतीस मिळाले, कारण त्यांनी बरेच प्रश्न सोडून दिले होते आणि सोडलेल्या प्रश्नात चूक काढता येत नाही.

आत्याचा नवरा न्हावी. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून तो तिचा अभ्यास घ्यायचा. त्यामुळे सबंध गल्लीतल्या पुरुषांना लिफ्टची देखभाल तोंडपाठ झाली.

"सांग, लिफ्ट अडकल्यास पहिली कृती?"

"आतल्या माणसाशी बोलायचं."

"अगं, पुन्हा तेच! पुस्तकात काय लिहिलंय?"

"संबंधित तंत्रज्ञास कळवावे. पण अहो, तो संबंधित तंत्रज्ञ मीच ना? मी मला कशी कळवू?"

"तू लिही तर खरं! कळवायचं का नाही ते नंतर बघू," नवरा म्हणाला. साबण लावलेलं गिऱ्हाईक मान न हलवता म्हणालं, "वहिनी, बरोबर सांगतायत ते."

दुसऱ्यांदा आत्याने सगळं पुस्तकातलं लिहिलं आणि अठ्ठावन्न मिळवले. चाळीसला पास. घरात आनंदीआनंद झाला, नवऱ्याने त्या दिवशी तीन दाढ्या फुकट केल्या. मग निकालाचा कागद नीट वाचला. एकवीस अधिक अठ्ठावन्न, भागिले दोन : साडेएकोणचाळीस. आत्या महाविद्यालयाच्या खिडकीशी गेली.

"अर्धा गुण हो, साहेब. वर ओढा ना."

कारकून प्रेमळ होता. तो म्हणाला, "बाई, आज तुमचा अर्धा ओढला तर उद्या लोक अख्खा मागतील." नियमामागची दूरदृष्टी अशी खिडकीतूनही दिसते. (जावईबुवाही त्या वेळी नापास झाले. त्यांना याचं विशेष वाटलं नाही, सासरे घरचेच होते.)

राहिला तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. नवऱ्याने दुकानाच्या आरशावर साबणाने हिशेब मांडला : पासापुरते एकशे वीस, हातात एकोणऐंशी, हवेत एक्केचाळीस. तो आकडा महिनाभर कोणी पुसला नाही. येणारी गिऱ्हाइकं आपल्या कपाळावर एक्केचाळीस घेऊन दाढी करून जात.

परीक्षा चौथ्या मजल्यावर, संध्याकाळी सहाला. आत्या पावणेसहाला बाकावर बसली. दोन पेनं, पट्टी, पाण्याची बाटली. मागे जावईबुवा, आणि इतर नऊ जण. पर्यवेक्षिका बाई विणकाम घेऊन आल्या होत्या. सहा वाजले, घंटा झाली, परीक्षा सुरू झाली. प्रश्नपत्रिका तेवढी आली नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी शिपाई धापा टाकत आला. परीक्षक साहेब प्रश्नपत्रिकांचा सीलबंद गठ्ठा घेऊन लिफ्टने वर येत होते, आणि लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. त्याच क्षणी आत्याच्या पिशवीतला फोन वाजला. महाविद्यालयाने कंपनीला कळवलं होतं, कंपनीने संबंधित तंत्रज्ञाला. पुस्तकातलं उत्तर अक्षरशः खरं ठरलं होतं आणि ते लिहायला कागद नव्हता.

"परीक्षेत फोन चालत नाही," पर्यवेक्षिका सुई न थांबवता म्हणाल्या.

"बाई, साहेब अडकलेत. मला जायला हवं."

"जा की. पण पेपर हातात पडायच्या आधी खोली सोडली तर आलाच नव्हतात असं धरतात. परत आत घेता येणार नाही."

"आणि नाही गेले तर?"

"तर पेपर येणार नाही."

"मग ही मंडळी काय लिहिणार?"

"ते मला कसं ठाऊक असेल? माझं काम लक्ष ठेवायचं."

आत्याने मागे पाहिलं. "तुम्ही जाता का, जावईबुवा? तुम्हीही कंपनीचेच."

जावईबुवांनी फार समजूतदारपणे मान हलवली. "आत्या, प्रमाणपत्र नसताना यंत्रखोली उघडायची म्हणजे... मला तत्त्वात बसत नाही."

आत्या बसून राहिली. आरशावरचे एक्केचाळीस तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. तेवढ्यात खालून, भिंतीच्या आतून यावा तसा आवाज आला. धप. धप. धप. कोणीतरी दार बडवत होतं. दोन्ही पेनं उचलून आत्या उठली.

तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी तोंड नेऊन तिने हाक मारली, "साहेब, आत किती जण आहात?"

"मी एकटाच! कोण आहे?"

"आत्या. दाराला हात लावू नका, खाली बसा. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"घरचं काय विचारता? लवकर करा, परीक्षा सुरू झाली असेल!"

"साहेब, परीक्षा तुमच्या मांडीवर आहे."

"मांडीवर प्रश्नपत्रिका आहेत," आतून आवाज आला. आता तो पुष्कळ शांत होता. "परीक्षा वेळापत्रकावर आहे."

गच्चीवरच्या यंत्रखोलीची किल्ली कारकुनाकडे होती. ती मिळवायला अर्ज लागला, अर्जाला पेन लागलं, आणि कारकुनाचं पेन संपलं असल्याने आत्याचं एक तिथेच राहिलं. सहा-बावीसला तिने दार उघडलं, मुख्य बटण बंद केलं, ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवत लिफ्ट बोटबोट वर आणली. सहा-अठ्ठावन्नला परीक्षक बाहेर आले. त्यांनी आत्याचे दोन्ही हात धरले, "बाई, तुम्ही होतात म्हणून," म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. मग चौथ्या मजल्यावर जाऊन त्यांनी हजेरीपट उघडला, खिसे चाचपले, आणि आत्याचं उरलेलं पेन मागून घेऊन तिच्या नावापुढे 'अनुपस्थित' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं.

गठ्ठ्याचं सील फोडायच्या आत सात वाजले आणि परीक्षा संपली. नियम ११ (ब) असा आहे की प्रश्नपत्रिका हातात न पडल्यास त्यात विद्यार्थ्याचा दोष नाही, सबब उपस्थितांना सरसकट साठ गुण द्यावेत. आणि नियम ७ (क) असा की सरसकट गुण सरासरीत धरू नयेत, ते अंतिम समजावेत. दहा जण तासभर रिकामे बसले आणि दहाही पास झाले. महाविद्यालयाच्या इतिहासात या विषयाचा निकाल प्रथमच उपस्थितांच्या शंभर टक्के लागला. प्राचार्यांनी याचं श्रेय अध्यापनाला दिलं.

आत्याने दाद मागितली. दाद-समितीचे अध्यक्ष परीक्षकच होते, आणि माणूस निःपक्षपाती. "मी स्वतः आत होतो," ते म्हणाले, "त्यामुळे बाहेर कोण होतं हे मला दिसणं शक्य नव्हतं." चौथ्यांदा प्रवेश विशेष परिस्थितीतच मिळतो. तिची यादी छापील आहे : गंभीर आजार, पूर, अपघात, लिफ्टमध्ये अडकणे. आत्या अडकलेली नव्हती. त्या दिवशी अख्ख्या इमारतीत विशेष परिस्थितीत एकटे परीक्षकच होते. त्यांना चौथ्यांदा प्रवेश देण्याची तयारी समितीने दाखवली.

निकालापाठोपाठ कंपनीची नोटीस आली. आत्या सहा वाजता अनुपस्थित झाली, म्हणजे तिचा अभ्यासक्रम सहा वाजता संपला, म्हणजे सवलतही संपली. यंत्रखोली तिने उघडली सहा-बावीसला. बावीस मिनिटांचा हा गुन्हा मुख्य तंत्रज्ञ या नात्याने जावईबुवांनी मोठ्या मनाने माफ केला आणि तिला फोनवर बसवलं.

आरशावरचे एक्केचाळीस नवऱ्याने ओल्या फडक्याने पुसले. "जाऊ दे गं," एवढंच म्हणाला. आत्या म्हणाली, "जावईबुवांना यंत्रखोलीचं दार तरी उघडता येतं का हो?" वस्तऱ्याखालच्या गिऱ्हाइकाने आरशात आपलं कोरं कपाळ पाहिलं.

हल्ली सगळं नियमाप्रमाणे चालतं. गावातल्या एकशे बारा लिफ्टमध्ये, आरशाशेजारी, जावईबुवांचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं आहे. तुम्ही ते वाचलं नसेल. तुम्ही आरशात केस नीट करत होतात.

अडकलात तर घाबरून जाऊ नका. लाल बटण दाबा. पलीकडून एक बाई विचारेल, आत कोण आहे, किती जण आहात, घरी कोण कोण असतं. तिच्याशी बोलत राहा. तिला तुमच्या लिफ्टची नस न् नस ठाऊक आहे, पण ती जागची हलणार नाही. ती संबंधित तंत्रज्ञास ताबडतोब कळवेल, आणि संबंधित तंत्रज्ञ एखाद्या बाकावर शांत बसून असेल. रिकामं बसण्यात त्याला साठ गुण आहेत.

आणि वरच्या मजल्यावर तुमची वाट बघणारं जे कोणी असेल, त्यांनी एव्हाना तुमच्या नावापुढे काय लिहायचं ते लिहिलेलं असेल. पेन कोणाचं तरी मागून घेतलं असेल.